ब्लड कल्चर आणि मीडियाचं क्वालिटी कंट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात मायक्रोबायोलॉजीच्या बाकावर बसून काम करतो. चोपडा, अमळनेर, शहादा, साक्री अशा ठिकाणच्या लॅबमधले टेक्निशियन, वॉर्डातल्या सिस्टर आणि नुकतेच शिकून गावाकडे परतलेले डॉक्टर फोनवर जे विचारतात, तेच इथे लिहून काढलंय. ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवात घालून त्यात जंतू वाढतात का ते बघणं. मीडिया म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य: पातळ असेल तर ब्रॉथ, प्लेटमध्ये घट्ट केलेलं असेल तर अगार. क्रम असा काही लावलेला नाही. जिथे चुका जास्त होतात, तिथे जास्त लिहिलंय.

रक्तात जंतू आहेत तर ते मलेरियासारखे स्लाइडवर लगेच का दिसत नाहीत?

कारण ते फार थोडे असतात. मलेरियाचे परजीवी लाल पेशींत बसून संख्येने वाढलेले असतात, म्हणून नजरेस पडतात. जंतुसंसर्गात माणूस तापाने फणफणत असला तरी मोठ्यांच्या रक्तात कित्येकदा मिलिलिटरमागे एखादाच जंतू असतो, कधी कधी तेवढाही नाही. ग्रॅम स्टेनखाली (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली) जंतू दिसायचा तर मिलिलिटरमागे लाखभर तरी लागतात. एकाचे लाख करायचं काम ब्रॉथ करतो. ई. कोलायसारखा चपळ जंतू पोषक ब्रॉथमध्ये अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो आणि रात्रीतून बाटली फ्लॅग करतो, म्हणजे मशीन वाढ झाल्याचा इशारा देतं. ब्रुसेला मात्र आपल्या चालीनेच चालतो.

नातेवाईक विचारतात, “इतलं रगत कसाले काढतस?” काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं. एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे. मोठ्या माणसाला दोन बाटल्यांचा एक सेट, आणि असे दोन सेट दोन वेगवेगळ्या जागांहून. सगळं मिळून ४० मिलिलिटरच्या आसपास होतं. रक्तदानात ३५० मिलिलिटर देतात, हे सांगितलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

आता हिशेब बघा. पाच मिलिलिटर रक्तात एकच जंतू असेल आणि तुम्ही दोनच मिलिलिटर घेतलं, तर तो तुमच्या सिरिंजमध्ये न येण्याचीच शक्यता जास्त. मग मीडिया कितीही भारी असो आणि मशीन कितीही महागडं, रिपोर्ट “नो ग्रोथ” असाच जाणार. माझ्या मते आपल्याकडची ब्लड कल्चरची सगळ्यात मोठी चूक ही कमी रक्ताचीच आहे, आणि ती लॅबच्या दाराबाहेर होते. बाटलीवर पेनाने रेघ मारून द्या. रिकामी बाटली आणि भरलेली बाटली वजनकाट्यावर ठेवा, फरकातून किती रक्त आलं ते कळतं. आम्ही महिन्यातून एकदा दहा-वीस बाटल्या अशा तोलतो आणि आकडा वॉर्डात लावतो. पहिल्या महिन्यात सिस्टर रागावल्या. दुसऱ्या महिन्यात बाटल्या भरून यायला लागल्या.

लहान मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं. नवजात बाळाचं एक मिलिलिटर पुरतं, कारण बाळांच्या रक्तात जंतूंची संख्या बहुतेक वेळा जास्त असते. आणि बाटली ठासून भरूही नका. पांढऱ्या पेशी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीनला तो जंतूंचा वाटतो आणि खोटा सिग्नल येतो.

बाटलीतल्या त्या पिवळसर पाण्यात असतं तरी काय?

बहुतेक बाटल्यांत सोयाबीन-केसीन डायजेस्ट ब्रॉथ किंवा ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथ असतो. त्यात एसपीएस, म्हणजे सोडियम पॉलिअनिथॉल सल्फोनेट, ०.०२५ ते ०.०५ टक्के घातलेलं असतं. हा पदार्थ रक्त गोठू देत नाही. शिवाय रक्तातलं कॉम्प्लिमेंट (जंतू मारणारी प्रथिनं) आणि पांढऱ्या पेशी बाटलीतही जंतूंना मारत असतात, त्यांना आवरतो. जेंटामायसिनसारख्या औषधांचाही थोडा बंदोबस्त करतो. मात्र मेनिंगोकॉकस आणि गोनोकॉकस यांना एसपीएस मानवत नाही, हे लक्षात असू द्या.

एकास पाच ते एकास दहा हे रक्त आणि ब्रॉथचं प्रमाण त्याचसाठी आहे. रक्तातलं मारक द्रव्य आणि आधी दिलेलं अँटिबायोटिक दोन्ही पातळ व्हायला हवीत. रेझिन असलेल्या बाटल्यांमध्ये अँटिबायोटिक रेझिनला चिकटतं. तरीसुद्धा पहिला डोस द्यायच्या आधी रक्त घेणं कधीही चांगलं. सलाईन लावताना सुई टोचलेलीच असते, तेव्हाच घ्या.

आमच्याकडे मशीन नाही. हाताने केलेलं कल्चर चालतं का?

चालतं. कष्ट जास्त आहेत, एवढंच. एसपीएस घातलेला ब्रॉथ, ३५ ते ३७ अंश, सात दिवस. रोज सकाळी बाटली न हलवता उजेडासमोर धरायची: गढूळपणा, वरच्या थरात कापसासारखे पुंजके, रक्ताचा रंग पारदर्शक लाल होणं, बुडबुडे. काहीही दिसलं नाही तरी २४ तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी ब्लड, चॉकलेट आणि मॅकॉन्की या अगारच्या प्लेटांवर आंधळा सबकल्चर करायचा (काही दिसत नसतानाही ब्रॉथचा थेंब प्लेटवर लावायचा), शेवटी सातव्या दिवशीही. हा आंधळा सबकल्चर टाळणारे खूप आहेत. हिमोफिलस ब्रॉथ फारसा गढूळ न करताही वाढलेला असतो, आणि नेमका तोच हातचा जातो.

शेळ्या-मेंढ्या किंवा गाई-म्हशी राखणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे चढउताराचा ताप असेल, कंबर-सांधे धरले असतील, तर ब्रुसेला डोक्यात ठेवा. त्यासाठी कास्तानेडाची दुहेरी बाटली चांगली: एका बाजूला तिरका अगार, खाली ब्रॉथ. बाटली कलती केली की सबकल्चर झाला, झाकण उघडायचं काम नाही. ब्रुसेला हवेतून लॅबच्याच माणसाला लागतो, म्हणून न उघडण्याला मोल आहे. फॉर्मवर “जनावरं राखतो” एवढे दोन शब्द डॉक्टरांनी लिहिले तर आम्ही बाटली जास्त दिवस ठेवतो आणि प्लेटा बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडतो.

टायफॉइडला विडाल आहे ना? मग कल्चर कशाला?

विडालची पद्धत १८९६ सालची. ती शरीराने तयार केलेली अँटिबॉडी बघते, जंतू बघत नाही. आपल्या भागात पूर्वी टायफॉइड होऊन गेलेले लोक भरपूर, त्यामुळे एकाच नमुन्यातल्या टायटरवरून (अँटिबॉडीच्या प्रमाणावरून) फारसं काही ठरत नाही. ब्लड कल्चरही सगळे रुग्ण पकडत नाही, साधारण दहातले सहा पकडतं, पण जे पकडतं त्यात जंतू हाती येतो आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुतेक टायफॉइडला चालत नाही, हे विडाल कधीच सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात रक्त घ्या. टायफॉइडचाच संशय असेल तर बाइल ब्रॉथ वापरता येतो, पित्त त्या जंतूला चालतं.

मीडियाचं क्वालिटी कंट्रोल म्हणजे नेमकं काय करायचं?

पेरणीआधी आपल्याकडे शेतकरी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडतो, गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. तिथे गोणपाटाची खात्री असते, परीक्षा बियाण्याची. आपण याच्या उलट करतो: बियाणं ओळखीचं, परीक्षा जमिनीची. रुग्णाच्या रक्तातून काही उगवलं नाही असं सहीनिशी लिहून द्यायचं असेल, तर त्या जमिनीत उगवतं हे आधी माहीत हवं.

दोन तपासण्या. पहिली निर्जंतुकतेची: १०० प्लेटांपर्यंतची बॅच असेल तर त्यातल्या ३ ते ५ टक्के प्लेटा काही न लावता ३५-३७ अंशांवर ४८ तास ठेवायच्या. काही उगवलं तर बॅच बाद. कोपऱ्यात दोनच कॉलनी (जंतूंचे ठिपके) आहेत, चालून जाईल, असं म्हणायचं नाही. त्या दोन कॉलनी उद्या कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये बसतील.

दुसरी उगवणीची. इथले एटीसीसी नंबर म्हणजे जंतूंच्या अमेरिकेतल्या संग्रहातल्या ओळखीच्या वाणांचे (स्ट्रेनचे) नंबर. ब्लड अगारवर स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस एटीसीसी १९६१५ लावा, कॉलनीभोवती स्वच्छ काचेसारखं वलय यायला हवं. न्यूमोकॉकस एटीसीसी ४९६१९ लावा, हिरवट छटा हवी. मॅकॉन्कीवर ई. कोलाय २५९२२ गुलाबी, प्रोटियस मिराबिलिस १२४५३ बिनरंगी आणि न पसरता, आणि एन्टेरोकॉकस २९२१२ दबलेला. चॉकलेटवर हिमोफिलस इन्फ्लुएन्झी १०२११.

इथेच एक गोची आहे. बरेच जण कॉलनी लूपने (तारेच्या कडीने) उचलून थेट प्लेटवर घासतात आणि “ग्रोथ चांगली आहे” असं लिहितात. पोतंभर बियाणं ओतलं तर मुरमाड जमिनीतही काहीतरी हिरवं दिसणारच! आधी ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाचं) सस्पेन्शन करा, त्यात मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी जंतू असतात. ते शंभरपट पातळ करा आणि त्यातलं १० मायक्रोलिटर प्लेटवर लावा. एवढ्या थोड्यातून वेगवेगळ्या ठसठशीत कॉलनी आल्या तर मीडिया पास. मॅकॉन्की एन्टेरोकॉकसला दाबतो का, हे बघायचं असेल तर मात्र दहापटच पातळ करा, म्हणजे अडवण्याच्या ताकदीची खरी कसोटी लागते.

ब्लड कल्चरच्या बाटलीसाठी याहून कडक: एका बाटलीत १० ते १०० जंतू जातील इतकं पातळ करून टोचायचं. हिमोफिलससारखा नखरेल जंतू तपासताना थोडं निर्जंतुक रक्तही घालायचं, नाहीतर तो बाटलीत तसाही वाढत नाही आणि दोष उगाच बाटलीला लागतो.

हे कंट्रोल स्ट्रेन मिळतात कुठे?

चंदीगडच्या इन्स्टिट्यूट ऑफ मायक्रोबियल टेक्नॉलॉजीतला एमटीसीसी हा संग्रह, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम, किंवा विक्रेत्यांकडून तयार डिस्क आणि लूप. शेजारच्या लॅबमधून “थोडं विरजण द्या” म्हणून आणलेला स्ट्रेन वापरू नका. तो किती हातांतून फिरून आलाय, कोण सांगणार? मूळ स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ७० ला ठेवा. त्यातून दर महिन्याला एक स्लांट (तिरक्या अगारची नळी), स्लांटवरून दर आठवड्याला कामाची प्लेट. मूळ स्ट्रेनपासून पाच पिढ्यांच्या पुढे जायचं नाही. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस लवकर मरतात, त्यांची प्लेट आठवडाभर टिकेल अशी आशा ठेवू नका.

ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त ब्लड अगारला चालेल का? फुकट मिळतं.

नाही. या एका प्रश्नावर मी भांडायलाही तयार असतो, कारण याची किंमत मी मोजलेली आहे.

फार पूर्वी मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे सर्रास असंच चालायचं. एका बाळंतिणीची बाटली फ्लॅग झाली. स्मियर केला (थेंब स्लाइडवर पसरून रंगवला), जांभळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस, इतक्या सुरेख की मी सगळ्यांना बोलावून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लड अगारची प्लेट कोरी. बाटलीतून पुन्हा लावलं, पुन्हा कोरी, फार तर टाचणीच्या टोकाएवढे दोन-चार ठिपके, वलय नाही. मग प्लेटांच्या त्याच लॉटवर (बॅचवर) कंट्रोलचा स्ट्रेप्टोकॉकस लावला, तोही तसाच मरतुकडा. दुसरीकडून मेंढीच्या रक्ताच्या चार प्लेटा मागवल्या. बारा-चौदा तासांत वलयासकट पीक उभं. तोवर दोन दिवस गेले होते. स्मियरचा रिपोर्ट फोनवर दिलेला होता म्हणून औषध चालू झालं होतं, एवढाच काय तो दिलासा.

माणसाच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, पिशवीत सायट्रेट असतं, दात्याने घेतलेलं औषध असू शकतं, आणि प्लेट ओतणाऱ्याला कावीळ किंवा एचआयव्हीचा धोका वेगळाच. मेंढीचं रक्त, ५ टक्के, फायब्रिन काढलेलं, हेच हवं. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप आहेत, त्यामुळे खान्देशात मेंढी मिळत नाही ही सबब चालत नाही. मात्र रक्त पशुवैद्यकांनीच काढायचं, मेंढीला अलीकडे अँटिबायोटिक दिलेलं नसावं, आणि निर्जंतुक फ्लास्कमध्ये काचेचे मणी घालून दहा मिनिटं गोल फिरवत राहायचं. मण्यांवर फायब्रिनचे पांढुरके धागे गुंडाळले जातात, रक्त पातळ राहतं. जमत नसेल तर तयार मिळतं, विकत घ्या. रक्त घालताना अगार ४५ ते ५० अंशांवर असावा. फ्लास्क गालाला लावून सोसवला तर ठीक, असं आमचे जुने सर सांगायचे. थर्मामीटर लावा.

चॉकलेट अगारचा एवढा बाऊ का? ब्लड अगार असला की झालं ना?

हिमोफिलसला दोन गोष्टी लागतात, एक्स म्हणजे हेमिन आणि व्ही म्हणजे एनएडी. मेंढीच्या ब्लड अगारमध्ये व्ही घटक पेशींत कोंडलेला असतो, शिवाय तो नष्ट करणारं एन्झाइमही तिथेच असतं. रक्त ७५-८० अंशांवर दहा मिनिटं तापवलं की पेशी फुटतात, व्ही बाहेर येतो आणि एन्झाइम निकामी होतं. जास्त तापवलं तर व्हीसुद्धा जातो. प्लेट दिसायला तपकिरी झाली म्हणजे चांगली झाली असं नाही, म्हणून विकत आणलेली चॉकलेट प्लेटही लॉटमागे तपासायचीच. मॅकॉन्कीला कंपनीच्या प्रमाणपत्रावर भागतं, चॉकलेटला भागत नाही.

नंदुरबारकडच्या लॅबना हे मी मुद्दाम सांगतो. सातपुड्यात भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेलची मुलं आहेत. त्यांची प्लीहा लहानपणीच काम करेनाशी होते आणि न्यूमोकॉकस, हिमोफिलस, साल्मोनेला हे रक्तात सहज शिरतात. त्या मुलाच्या तापात चॉकलेट प्लेट तकलादू निघाली तर आपण नेमका तोच जंतू हुकवतो ज्याची धास्ती होती.

उन्हाळ्यात इनक्युबेटरचं काय करायचं?

खास खान्देशी प्रश्न. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या खोलीत कधी ४५ अंश झाले नसावेत.

साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४२ झाले, तर इनक्युबेटरच्या आत ३७ राहणं शक्यच नाही. एका मे महिन्यात आमच्याकडे न्यूमोकॉकसचा कंट्रोल सारखा फेल होत होता. मी मीडियाचे तीन लॉट फेकले, रक्त बदललं, स्ट्रेन नवा काढला. तापमानाच्या वहीत मात्र रोज ३७, एकही दिवस इकडे-तिकडे नाही. एका रविवारी विसरलेला डबा न्यायला दुपारी तीनला लॅबमध्ये गेलो, सुट्टी म्हणून एसी बंद, आणि सहज इनक्युबेटर उघडला. आतला थर्मामीटर ४२ वर. वहीतली नोंद रोज सकाळी नऊची होती आणि संध्याकाळी लॅब सुटली की एसी रोजच बंद होत असे! आणि इतके दिवस ई. कोलायचा कंट्रोल मजेत पास होत होता, कारण त्याला ४४ सुद्धा सोसतं. नाजूक जंतू कंट्रोलला ठेवला नसता तर आम्हाला कधी कळलंच नसतं.

तेव्हापासून किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत असतो, त्याचा बल्ब ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला, आणि नोंद दोन वेळा. जमलं तर बीओडी इनक्युबेटर घ्या, तो थंडही करतो. ब्लड कल्चरच्या मशीनलाही खोली तिशीच्या आत लागते, तेव्हा तिथला एसी आणि इन्व्हर्टर ही चैन नव्हे.

जाता जाता: जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतही हेच रडगाणं होतं. त्यांचा जिलेटिनचा मीडिया उन्हाळ्यात पाघळायचा. १८८१ च्या सुमारास तिथल्या वाल्थर हेस्से यांच्या पत्नी फॅनी यांनी मुरंब्या-जेलीत वापरतात तो अगार सुचवला. तो वितळायला ८५ अंशांच्या वर लागतात आणि गोठतो चाळिशीच्या आसपास. जळगावच्या मे महिन्यात प्लेटा घट्ट राहतात ही त्या बाईंची कृपा.

मीडिया बनवायला बोअरचं पाणी, आरओचं पाणी?

दोन्ही नको. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने डिस्टिलेशनच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो एकदा खरवडून बघा. म्युलर-हिंटन अगारमध्ये (कुठलं औषध लागू पडतं ते यावर बघतात) कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त झालं की स्यूडोमोनासच्या प्लेटवर जेंटामायसिनच्या चकतीभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, लहान येतो आणि लागू पडणारं औषध “रेझिस्टंट” म्हणून रिपोर्ट होतं. प्लेटची जाडी ४ मिलिमीटर, पीएच ७.२ ते ७.४. जाड प्लेटमध्ये झोन आक्रसतो, पातळ प्लेटमध्ये फुगतो.

ऑटोक्लेव्हची पट्टी काळी झाली म्हणजे निर्जंतुक झालं ना?

पट्टी फक्त उष्णता लागल्याचं सांगते. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं, आणि आधी आतली सगळी हवा बाहेर गेलेली. खात्रीसाठी आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची कुपी भरलेल्या लोडच्या मधोमध ठेवा. उलट बाजूही आहे: भीतीपोटी पाऊण तास शिजवलेला मीडिया काळपट पडतो, पीएच घसरतो, अगार बिलबिलीत होतो.

एकाच बाटलीत स्टॅफिलोकॉकस आला. खरा की कातडीवरचा?

कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, मायक्रोकॉकस, डिफ्थेरॉइड, बॅसिलस हे चार बाटल्यांपैकी एकीत, तेही उशिरा आले तर बहुधा कातडीवरचे. दोन्ही सेटमध्ये तोच आला, किंवा रुग्णाला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, तर गांभीर्याने घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, क्लेबसिएला, कॅन्डिडा एका बाटलीत आले तरी खरेच समजा. म्हणून तर दोन सेट मागतो. एकाच सेटवर हा न्याय करता येत नाही.

कंटॅमिनेशन (कातडीवरचे जंतू बाटलीत मिसळणं) ३ टक्क्यांच्या आत हवं, हल्ली तर एक टक्क्याचं उद्दिष्ट धरतात. अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन अर्धा मिनिट चोळा आणि वाळू द्या. फुंकर मारून वाळवू नका, हे हसण्यावारी नेऊ नका, मी पाहिलंय. दोन महिन्यांखालच्या बाळांना क्लोरहेक्सिडीन टाळा. पुसल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. बाटलीचं रबरही अल्कोहोलने पुसायचं, त्यावर आयोडीन नको.

आणि एका आठवड्यात तीन-चार वॉर्डांतून एकच विचित्र जंतू आला, समजा बर्कहोल्डेरिया सेपेशिया, तर साथ जाहीर करण्याआधी अँटिसेप्टिकची बाटली आणि कापसाचा डबा कल्चरला लावा. हा जंतू अँटिसेप्टिकमध्येही तग धरतो. तिथे काही नाही निघालं तर तुमच्या मीडियाची निर्जंतुकतेची नोंद काढा.

धडगावहून बाटली यायला सहा-आठ तास लागतात. फ्रिजमध्ये ठेवू का?

रक्त घातलेली बाटली फ्रिजमध्ये कधीच नाही, नाजूक जंतू मरतात. पुस्तकात “रूम टेंपरेचर” लिहिलंय ते २०-२५ अंश. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या मोटारसायकलच्या डिकीचं नव्हे. डिकीत बाटली आपोआपच उबते, जंतू वाटेतच वाढून थकतात, आणि मशीन बदल टिपतं, वाढलेल्याचं पठार नाही. मग भरलेली बाटली मशीनमध्ये पाच दिवस गप्प बसते. थर्मोकोलच्या डब्यात आणा, कडेला फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली, कल्चर बाटलीला न टेकवता. उशिरा आलेल्या बाटलीचा तळाचा रंग आधी बघा आणि मशीनमध्ये घालण्यापूर्वी एक स्मियर आणि सबकल्चर करून टाका.

बाटली फ्लॅग झाली. आधी काय?

ग्रॅम स्टेन, आणि तासाभरात डॉक्टरांना फोन. कुणाला सांगितलं, किती वाजता, त्यांनी परत वाचून दाखवलं का, तेही लिहा. ओळख दुसऱ्या दिवसापासून. तिथेही अभिकर्मकांना रोज एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह कंट्रोल हवाच. ब्लड अगारवरून कॅटालेज (एन्झाइमची तपासणी) करू नका, लाल पेशींतच कॅटालेज असतं. ऑक्सिडेजला निक्रोमची लूप नको, लोखंडामुळे खोटा जांभळा येतो, लाकडी काडी वापरा. टीएसआयमध्ये (ओळखीसाठीचा एक मीडिया) टायफीचा, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचा, हायड्रोजन सल्फाइड टोचल्या जागी मिशीसारखा बारीक काळा दिसतो. पॅराटायफी ए ला तो सहसा नसतो, पण गॅस असतो. घाईत हे दोन्ही सुटतात.

लॅबमध्ये आम्ही दोघंच आहोत. एवढं सगळं कधी करायचं?

सगळं एकदम करू नका. प्लेट ओतायचा एकच दिवस ठरवा. आमचा सोमवार. मंगळवार-बुधवार त्या लॉटच्या काही न लावलेल्या प्लेटा इनक्युबेटरमध्ये, मंगळवारीच कंट्रोल लावायचे. गुरुवारी सकाळी वाचून लॉटच्या पिशवीवर हिरवी टिकली लावायची. टिकली नसलेल्या पिशवीला हात लावायचा नाही, मग डॉक्टर कितीही घाई करोत. त्यासाठी मागचा लॉट आठवडाभर पुरेल एवढा शिल्लक ठेवावा लागतो. वहीत पावडरचा लॉट नंबर, डबा उघडल्याची तारीख, पीएच, ऑटोक्लेव्हची वेळ, रक्त कुठलं, कंट्रोलचा निकाल आणि सही. पावडरचा डबा पावसाळ्यात ओल धरतो, गठ्ठे झालेली पावडर फेकून द्या. फेल झालेला लॉट खोडू नका, लाल पेनाने लिहा. तपासनीस आले की आधी लाल ओळी शोधतात, आणि वर्षभरात एकही लाल ओळ नसलेली वही बघितली की त्यांची भुवई वर जाते. माझीही जाते.